मॅनिफेस्टेशन : मनातले मांडे आणि संकल्पातलं ‘करिष्ये’

माझी भाची पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या सॅकमधून एक दोनशे पानी वही बाहेर पडली. पानामागून पान एकच वाक्य होतं : "मी उपजिल्हाधिकारी आहे. मी कृतज्ञ आहे." सकाळी तीन वेळा, दुपारी सहा वेळा, रात्री नऊ वेळा. याला ३६९ पद्धत म्हणतात, हे तिनेच मला समजावलं. वाक्य वर्तमानकाळातच हवं, कारण ‘होईन’ लिहिलं तर ते कायम पुढेच राहतं. मनात शंका आणायची नाही, शंका आली की आपली कंपनं बदलतात. बाकीचं युनिव्हर्स बघून घेतं.

"मावशी, याचा खरंच उपयोग होतो का गं?" तिने विचारलं.

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नव्हता. तिची उमेदीची दोन वर्षं, आईवडिलांचे पैसे आणि तिची झोप, सगळं त्या वहीत अडकलेलं होतं. तिला त्या दिवशी जे जमेल तसं सांगितलं, तेच इथे नीट मांडते आहे.

मॅनिफेस्ट करणं म्हणजे हवी असलेली गोष्ट मिळाली आहे असं मनात पक्कं धरणं, तिचं चित्र रोज पाहणं, तीच भावना अनुभवणं, आणि त्या जोरावर ती गोष्ट आपल्याकडे ओढून आणणं. कोणी व्हिजन बोर्डवर घराचे, गाडीचे फोटो चिकटवतं, कोणी आरशासमोर वाक्यं म्हणतं, कोणी वही भरतं. २०२४ साली केंब्रिज डिक्शनरीने ‘मॅनिफेस्ट’ हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका तो सगळीकडे झाला आहे. आपल्याला ही कल्पना अगदी परकीही वाटत नाही. घरात कोणी अभद्र बोललं की आजी दटावायची, "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." बोललेलं खरं होतं ही भीती आणि बोललेलं खरं होईल ही आशा एकाच मुळातून येतात.

पण या एका शब्दात दोन वेगवेगळे दावे मिसळलेले आहेत आणि ते आधी सुटे करायला हवेत. पहिला दावा असा की विचार स्वतःच बाहेरच्या जगावर परिणाम करतो : मी इथे बसून विचार केला आणि तिकडे निकाल बदलला. दुसरा दावा असा की विचार विचार करणाऱ्याला बदलतो, आणि तो बदललेला माणूस मग जगात काहीतरी वेगळं करतो. पहिल्याला आजवर पुरावा सापडलेला नाही. दुसरा खरा आहे, पण त्यात एक खोच आहे, आणि माझ्या भाचीची वही नेमकी त्या खोचेवर आपटत होती.

पहिला दावा आला कुठून ते पाहू. अमेरिकेत मेन राज्यातल्या बेलफास्ट गावी फिनिअस क्विम्बी नावाचा घड्याळजी होता, जन्म १८०२ चा. त्या काळी गाजत असलेल्या मेस्मेरिझमचा त्याला नाद लागला. तो एका तरुणाला संमोहित करायचा, आणि तो तरुण गुंगीत रोग्याचा आजार ओळखून औषध सांगायचा. सांगितलेल्या महाग औषधाऐवजी साधं स्वस्त काहीतरी दिलं तरी रोग्याला तितकंच बरं वाटतं, हे क्विम्बीच्या लक्षात आलं. म्हणजे गुण औषधाचा नसून विश्वासाचा, असा निष्कर्ष त्याने काढला. निरीक्षण चांगलं होतं. फक्त तेव्हाचं वैद्यक काय होतं हे विसरता कामा नये. डॉक्टर रक्त काढायचे, कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध द्यायचे, त्याने दात खिळखिळे व्हायचे. क्विम्बीने स्वतः ते भोगलं होतं. अशा काळात औषध टाळून धीर देणाऱ्याकडे गेलेला माणूस पुष्कळदा खरंच जास्त बरा राहत असणार.

त्याच्यामागून अमेरिकेत ‘न्यू थॉट’ नावाची, विचारांनीच माणूस बरा होतो असं मानणारी चळवळ उभी राहिली. आजारपणापुरती असलेली कल्पना हळूहळू पैशापर्यंत पोचली. १९०६ मध्ये विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन या शिकागोतल्या लेखकाने विचारांच्या कंपनांवर पुस्तक काढलं आणि ‘लॉ ऑफ अ‍ॅट्रॅक्शन’ (आकर्षणाचा नियम) हे शब्द थेट शीर्षकात घातले. हाच माणूस ‘योगी रामचारक’ या नावानेही पुस्तकं लिहायचा. हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. "हे तर आपल्याकडचंच प्राचीन ज्ञान" म्हणून जे आज आपल्यापुढे येतं, त्यातला बराचसा भाग भारतीय नाव घेतलेल्या एका अमेरिकन वकिलाच्या लेखणीतून फिरून आलेला आहे. पुढे १९१० मध्ये वॉलेस वॉटल्स यांनी श्रीमंत होण्याच्या शास्त्रावर लिहिलं. जवळजवळ शंभर वर्षांनी ते ऑस्ट्रेलियाच्या रॉंडा बर्न यांच्या हाती पडलं आणि त्यातून २००६ मध्ये ‘द सीक्रेट’ ही फिल्म आणि पुस्तक आलं. भाचीच्या वहीतली ‘कृतज्ञता’ त्याच वाटेने सदाशिव पेठेत पोचली आहे.

आता १९०६ सालीच ‘कंपनं’ हा शब्द का सुचावा? १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले होते, १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपार बिनतारी संदेश पोचवला होता. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी हवेतून जातं आणि दूरवर परिणाम करतं, ही त्या पिढीसाठी ताजी, थरारक बातमी होती. मग विचारही तसाच जात असेल असं वाटणं साहजिक होतं. मला त्या लोकांचा राग येत नाही. आज ‘क्वांटम’ शब्दाचं तेच होतं आहे. त्या त्या काळातलं सर्वांत गूढ विज्ञान उसनं आणायचं, एवढंच बदलत आलं आहे.

आणि विचार खरंच बाहेर जातो का, हे एका माणसाने मनापासून शोधलं होतं. हान्स बर्गर हा जर्मन तरुण १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यात शिकाऊ होता. एका सकाळी घोडा बिथरला आणि तो तोफगाडीच्या चाकासमोर पडला. गाडी अगदी ऐन वेळी थांबली. त्याच दिवशी वडिलांची तार आली, तब्येत कशी आहे म्हणून. दूर घरी असलेल्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भाऊ संकटात आहे, आणि तिच्या हट्टाने ती तार केली गेली होती. बर्गरच्या मनातून हे कधी गेलंच नाही. आपली भीती बहिणीपर्यंत पोचली असं त्याने धरलं, मनोविकारतज्ज्ञ झाला आणि मेंदूतून निघणारी ती ऊर्जा मोजण्यात आयुष्य घातलं. १९२४ मध्ये जेना इथे त्याने माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली. आज फिट येणाऱ्या रुग्णाचा आपण जो ईईजी काढतो, तो बर्गरचा.

म्हणजे विचार दूर कसा पोचतो हे शोधायला निघालेल्या माणसाला फार मोठी गोष्ट सापडली, फक्त ती त्याला हवी होती ती नव्हे. टाळूवर मिळणारा तो संकेत दहाएक ते शंभरेक मायक्रोव्होल्ट (व्होल्टचा दहा लाखावा भाग) इतका असतो. ५० धरला तर घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा हिस्सा. तो टिपायला जेल लावून तारा टाळूला चिकटवाव्या लागतात, मध्ये केस आले तरी अडचण होते. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र तर इतकं क्षीण आहे की ते मोजायला बाहेरचं सगळं अडवणारी खास खोली बांधतात. असा संकेत आयोगाच्या कार्यालयापर्यंत जाऊन गुणपत्रिका हलवेल, याला कुठेच जागा उरत नाही.

साधा हिशेबही करून पाहता येतो. भाचीच्या अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलगीही तेच वाक्य लिहिते. पलीकडचा मुलगाही. जागा मोजक्या आहेत. सगळ्यांनी सारख्याच श्रद्धेने लिहिलं तर विश्वाने कोणाचं ऐकायचं?

मग इतक्या लोकांना अनुभव कसा येतो? ते खोटं बोलतात असं मला वाटत नाही. एक कारण लक्ष. लाल रंगाची स्कूटर घ्यायचं ठरवलं की रस्त्याभर लाल स्कूटरच दिसायला लागतात. त्या कालही होत्या, आपली नजर नव्हती. मनात एखादी इच्छा जागी असली की तिच्याशी जोडलेली जाहिरात, ओळख, वाक्य आपण टिपतो. हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. इच्छा स्पष्ट असणं चांगलंच.

दुसरं कारण एका जुन्या गोष्टीत आहे. सिसेरो हा रोमन लेखक ती सांगतो. डायागोरस नावाच्या माणसाला लोकांनी सामोथ्रेस बेटावरच्या देवळात नेलं आणि वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडून लावलेली चित्रं दाखवली. "बघ, देव ऐकतो." तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच काढलेली नाहीत. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये पुन्हा हीच गोष्ट सांगून माणसाचं मन कसं फसतं ते समजावलं. आपल्याकडे नवस फेडून बांधलेल्या घंटा देवळात टांगलेल्या असतात. न फळलेल्या नवसाची घंटा कोणी बांधत नाही. तसंच, वही भरूनही जिची निवड झाली नाही ती मुलगी त्याचा व्हिडिओ करत नाही. ती गुपचूप गावी परत जाते.

इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकूंना स्तनाचा कर्करोग झाला. केमो चालू असताना भेटायला आलेल्या एका बाईंनी त्यांना प्रेमाने, अगदी हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही फार काळजी करता ना, म्हणून हे ओढवलं. आता तरी चांगले विचार करा." त्या रात्री काकू रडल्या. दुखण्यासाठी नव्हे, दुखणं आपणच आणलं या विचाराने. पुढे पुढे त्यांना भीती वाटली तरी त्या बोलायच्या नाहीत, कारण भीतीनेच आजार वाढेल अशी धास्ती. आकर्षणाच्या नियमाची ही दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येत नाही. चांगलं सगळं माझ्या विचारांनी येतं असं मानलं, तर वाईटही माझ्याच विचारांनी येतं असं मानावंच लागतं.

जेम्स कोयन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावनिक स्थिती चांगली असलेले रुग्ण जास्त जगले असं त्यात दिसलं नाही. मन शांत असेल तर दिवस सुसह्य जातात, दुखणं सोसायला बळ येतं, आणि त्याची किंमत मोठी आहे. पण घाबरल्यामुळेच कर्करोग वाढतो, याला पक्का पुरावा नाही. आमच्या काकूंना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

पैशाच्या बाबतीतही असंच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ल्यूकस डिक्सन यांच्या गटाने २०२३ मध्ये १,०००हून अधिक लोकांचा अभ्यास मांडला. मॅनिफेस्टेशनवर जास्त विश्वास असलेले लोक स्वतःला जास्त यशस्वी समजत होते. पण जोखमीच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढा जास्त होता, आणि दिवाळखोरीत गेल्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

आता ती खोच. विचाराने माणूस बदलतो, हे खरंच आहे. पण कोणत्या दिशेने?

गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षं याच एका प्रश्नावर काम करत आहेत. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये आला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या विचारल्या. एक, तुम्हाला वजन कमी होईल असं वाटतं का. दोन, तुमच्या मनात चित्रं कशी येतात : बारीक झालेली मी मैत्रिणीला भेटते आहे, ती थक्क होते आहे, अशी गोड, की अडखळणारी? ‘मला जमेल’ असं अनुभवावरून वाटणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. आणि गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वर्षभरात इतरांपेक्षा सरासरी ११ किलोच्या आसपास कमी उतरलं. नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांतही तेच. छान नोकरीची स्वप्नं ज्यांनी जास्त रंगवली, त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी निघाला.

असं का व्हावं? २०११ च्या एका अभ्यासात हेदर कॅपेस आणि ओटिंगेन यांनी रक्तदाब मोजला. उंच टाचांच्या सुंदर सँडल घालून आपण किती छान दिसतो आहोत, असं चित्र काही मुलींना रंगवायला सांगितलं. त्यांचा वरचा रक्तदाब उतरला. काम अंगावर घेताना शरीर थोडं ताणलं जातं, सज्ज होतं. मनात मिळाल्याचा सोहळा झाला की ते सैलावतं. जणू पोचलोच. मनातले मांडे खाल्ले की पोट भरत नाही हे आपण म्हणत आलो. इथे असं दिसतं की त्या मांड्यांनी भूक मात्र थोडी मरते, आणि मग खरे मांडे करायला कोणी उठत नाही.

भाचीने इथे मला थांबवलं. म्हणाली, "रात्री नऊ वेळा लिहून झालं ना, की इतकं शांत वाटतं. मग पुस्तक उघडायचं राहूनच जातं." मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आरशासमोरच्या वाक्यांचंही थोडं असंच आहे. कॅनडातल्या जोअ‍ॅन वुड यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी आहे, त्यांनी ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं स्वतःला पुन्हापुन्हा म्हटलं की त्यांना आणखी वाईट वाटतं. मन लगेच उलट साक्षी काढायला लागतं.

मग चित्र रंगवायचंच नाही का? रंगवायचं, पण रस्त्याचं. लियन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने परीक्षेआधी रोज काही मिनिटं चांगले गुण मिळाल्याचं चित्र पाहिलं. दुसऱ्याने अभ्यास करत असल्याचं : खुर्ची ओढली, टीव्ही बंद केला, धडा काढला. दुसरा गट जास्त लवकर अभ्यासाला लागला, जास्त वेळ बसला आणि त्याचे गुणही जास्त आले. इच्छेचं चित्र आधी आणि त्यामागोमाग आपल्याच आतला अडथळा डोळ्यांसमोर आणायचा, हा ओटिंगेन यांचा उपाय. त्यांचे पती पीटर गोलवित्झर यांनी त्याला एक साधं वाक्य जोडलं : अमुक वेळी, अमुक जागी, अमुक घडलं तर मी अमुक करीन. असं वाक्य ठरवलेल्या लोकांनी कठीण कामं ठरल्याप्रमाणे पार पाडण्याची शक्यता पुष्कळ वाढते, हे कित्येक प्रयोगांत दिसलं आहे.

हे वाचताना मला राहून राहून गणपतीत घरी होणारा संकल्प आठवतो. गुरुजी उजव्या हातावर पाणी घ्यायला लावतात आणि आधी ठिकाण सांगतात : गोदावरीच्या दक्षिण तीरावर. मग काळ : शालिवाहन शक, संवत्सर, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग गोत्र आणि नाव, म्हणजे करणारा कोण. आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य हवं आहे हेही त्यात आहे, इच्छा लपवलेली नाही. सुरुवातीला निर्विघ्नतेसाठी गणपतीचं स्मरण आहे, म्हणजे विघ्न येणार हे गृहीत धरलेलं आहे. आणि शेवटी क्रियापद येतं, ‘करिष्ये’. मी करीन. त्या शब्दावर पाणी ताम्हणात सोडायचं. सगळ्या लांबलचक वाक्यात ‘मला मिळालं आहे’ असं कुठेही नाही.

आपल्या पूर्वजांना हे संशोधन आधीच ठाऊक होतं, असा अर्थ मी यातून काढत नाही. संकल्प हा पूजेचा विधी आहे, त्याचं प्रयोजन वेगळं. पण लहानपणापासून कानावर पडलेल्या त्या वाक्याचा घाट मात्र कामाचा आहे : जागा, वेळ, कोण, कशासाठी, विघ्न कोणतं, आणि शेवटी क्रियापद.

भाचीला मी वही टाकून दे म्हटलं नाही. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि तिने मागच्या बाजूने एक कोरं पान काढलं. उपजिल्हाधिकारी व्हायचं आहे, हे वर राहिलं. खाली ‘विघ्न’ असा शब्द लिहून ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली. मला वाटलं होतं मोबाईल लिहील. तिने लिहिलं : "मुख्य परीक्षेचं निबंधलेखन. मला लिहायची भीती वाटते, म्हणून मी नुसतं वाचत राहते." दोन वर्षांत हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. अठरा वेळा लिहायच्या त्या वाक्यात भीतीला जागाच नव्हती.

मग तिने लिहिलं : "अभ्यासिकेत सकाळी सात वाजता खुर्चीवर बसले की वाचायचं पुस्तक बॅगेतच ठेवीन, आणि एक उत्तर वेळ लावून लिहीन. वाईट आलं तरी पूर्ण करीन. रविवारी ती सात उत्तरं मावशीला फोटो काढून पाठवीन."

पहिल्या रविवारी चार आली. मी चष्मा लावून ती वाचली. दुसऱ्या उत्तराची सुरुवात फारच लांबलेली होती, तसं तिला कळवलं.